मकरपुऱ्याचा गॅन्ट्री गर्डर आणि मोबाईलमधला सेक्शन

अ‍ॅपने दिलेलं उत्तर बरोबर होतं; क्रेनच्या गर्डरचा मोबाईलवर केलेला हिशेब होता. हे आधीच सांगते, कारण ज्याला ज्याला ही गोष्ट सांगितली तो म्हणतो, बघा, मोबाईलवर भरवसा ठेवला की असंच होणार. तसं झालेलं नाही, आणि म्हणूनच ते डोक्यातून जात नाहीये.

बडोद्यात मी स्ट्रक्चरल कन्सल्टन्सी करते. मकरपुरा औद्योगिक वसाहतीत (जीआयडीसी) जुनी शेडं भरपूर, त्यामुळे आमचं निम्मं काम म्हणजे आहे त्या सांगाड्यावर अजून काय चढवता येईल ते सांगणं. यावेळी ३ टनाची क्रेन काढून ५ टनाची बसवायची होती. ड्रॉइंग नाही. ते कधीच नसतं. ५ मीटरचे गाळे, क्रेन ज्यावर चालते तो (गॅन्ट्री) गर्डर आयएसएमबी ३००, म्हणजे ३०० मिमी उंच, इंग्रजी आय आकाराचा बीम, आणि त्याच्या डोक्यावर मागाहून कुणीतरी पालथं घालून बसवलेलं आयएसएमसी २०० चॅनेल (२०० मिमीचं, इंग्रजी सी आकाराचं, पाय खाली).

आमच्या ज्युनियरने शिडीवर चढून मापं घेतली आणि खाली येऊन चहाच्या लारीवर पाच मिनिटांत अख्खा सेक्शन (बीम आणि चॅनेलचा मिळून छेद) मोबाईलवर उभा केला. पोरगा हुशार आहे. आयबीमचे तीन आयत जोडून काम भागवत बसला नाही, कारण तसं केलं तर आय (वाकण्याला विरोध करायची छेदाची क्षमता, सेंमी चौथा घातात) येतो ८४८७ आणि स्टील टेबलात आहे ८६०३.६, कोपऱ्यांचे गोलवे आणि फ्लँजचा (बीमच्या वरच्या-खालच्या आडव्या पट्ट्यांचा) उतार त्यात धरला जात नाही ना. लायब्ररीतूनच सेक्शन घेतला. चॅनेल ९० अंशात फिरवायला पण विसरला नाही. हे विसरणारे पुष्कळ बघितलेत मी, मग चॅनेलचा स्वतःचा आय १४० च्या जागी १८१९ धरला जातो आणि कुणाला पत्ता लागत नाही.

मी सवयीने कागदावर करून बघितलं. बीम आणि चॅनेलचं क्षेत्रफळ ५६.२६ आणि २८.२१ चौरस सेंमी, सेंट्रॉइड (छेदाचा मध्यबिंदू) तळापासून १९.४९ सेंमी, मग दोन्हींचे आय त्या मधल्या अक्षावर आणायला पॅरलल अ‍ॅक्सिस लावून आय १२१३८ सेंमी चौथा घात. अ‍ॅपमध्ये तेच, त्याच्यापुढे अजून दोन दशांश.

आता इथे एक गंमत आहे जी शेडमालकांना काही केल्या पटत नाही. वरच्या बाजूचा झेड (आय भागिले अक्षापासून कडेचं अंतर; यावरून कडेचा ताण कळतो) ५७४ वरून १०९१ होतो, म्हणजे जवळपास डबल. पण तळाचा होतो फक्त ६२३, कारण अक्षच वर सरकतो. चॅनेल डोक्यावर घालतात ते मुळात आडव्या धक्क्यासाठी, ट्रॉली आणि उचललेला माल मिळून जे वजन त्याच्या १० टक्के आडवा जोर धरायचा असतो. आडवा आय ४५४ वरून २२७३ होतो, खरा फायदा तिथे. पण पोराने स्क्रीनशॉट व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला होता आणि मॅनेजर काका (दांडिया बाजारातले, आमच्या घरच्या ओळखीतले) फोनवर विचारतात, "अगं, मग डबल झालंय ना सगळं?"

तरी डिफ्लेक्शन (भाराखालचा बाक) पास होत होतं. ५ टनाच्या क्रेनला चाकामागे ३८ किलोन्यूटन, दोन चाकांत २ मीटर, तर मध्यभागी ६.४६ मिमी येतं, आणि आयएस ८०० या स्टील बांधकामाच्या भारतीय मानकाप्रमाणे इलेक्ट्रिक क्रेनला मर्यादा स्पॅन भागिले ७५०, म्हणजे ६.६७. काठावर, पण पास. पोरगा खूश.

मग मी म्हटलं चॅनेलचा वेल्ड बघून येऊ.

खालून तो दिसतच नाही. आयबीमचा फ्लँज १४० चा, चॅनेलच्या दोन पायांमधली आतली जागा साधारण १७७, म्हणजे दोन्हीकडे जेमतेम १८ मिमीची फट, आणि वेल्ड त्या फटीच्या तळाशी, ७५ मिमी खोल पायांच्या आड. टॉर्च लावून बघितलं तर एका टोकाला हातभर चांगला फिलेट (कोपऱ्यात भरलेला सलग वेल्ड) आणि पुढे सगळीकडे नुसते टॅक (तात्पुरते वेल्डचे ठिपके), त्यातले बहुतेक तुटलेले. फ्लँज आणि चॅनेलच्या मध्ये हॅकसॉचं ब्लेड सरळ आत गेलं. कडेला तपकिरी पूड, दोन पत्रे एकमेकांवर घासले की निघते तशी.

म्हणजे दोन वेगळे तुकडे वाकतायत, प्रत्येक आपापल्या अक्षाभोवती. तेव्हा आय १२१३८ नाही, ८६०३.६ अधिक १४०.४, झाले ८७४४. डिफ्लेक्शन ८.९६. नापास. चॅनेल म्हणजे मीटरला २२ किलोचं नुसतं ओझं.

फॅब्रिकेटरला बोलावलं तर तो म्हणाला, "बेन, रॉड अंदर जाय तो ने!" म्हणजे वेल्डिंगचा रॉड आत गेला तर ना. आणि खरंच आहे त्याचं. वर चढवलेल्या गर्डरला खालून, डोक्यावर हात करून, १८ मिमीच्या फटीत वेल्ड कोण मारणार? गर्डर खाली उतरवून उलटा ठेवला असता तर दुपारभराचं काम होतं. चिडायला होतं ते याचंच, कारण तिथे लागणारा वेल्ड काही फार नव्हता. शिअर फ्लो (दोन तुकड्यांच्या जोडावर लांबीमागे येणारा सरकता जोर) काढला तर लोड फॅक्टर (भार वाढवून धरायचा सुरक्षा गुणक) धरून एका बाजूला मिलिमीटरमागे १२० न्यूटनसुद्धा भरत नाही, आणि साइटवर मारलेला ५ मिमीचा फिलेट साडेपाचशेपर्यंत घेतो. तुटक तुटक मारला असता तरी चाललं असतं. ज्याने क्रेन बंद ठेवायला नको म्हणून वरच्या वर उरकायला लावलं त्याला विचारायला हवं, पण असा माणूस कधी सापडत नाही.

पोरगा गप्प होता. मग म्हणाला, "मॅडम, अ‍ॅप तर विचारतच नाही की हे जोडलंय का." मला पटकन उत्तर सुचलं नाही. स्टील टेबल पण विचारत नाही आणि माझा कागदही विचारत नाही, पण कागदावर बेरीज करताना दोन ओळी वेगळ्या दिसतात, हात थोडा थांबतो. की हे मी माझं समाधान करून घेतेय? बोटाने चॅनेल ओढलं की चिकटतंच ते, स्क्रीनवर फट नावाची गोष्ट नाही.

रिपोर्टात मी दोन्ही आकडे दिले, जोडलेला आणि सुटा, आणि शिफारस केली की गर्डर उतरवून उलटे करून वेल्ड करा, तोवर ३ टनाच्यावर जाऊ नका (३ टनाला सुट्या सेक्शनवर पण डिफ्लेक्शन मर्यादेत बसतं). काकांचा परत फोन. ग्रुपवर ६.४६ आलंय आणि रिपोर्टात ८.९६ पण लिहिलंयस, शेठना कुठला सांगू? म्हटलं काका, आज ८.९६ आहे, शटडाऊन द्याल आणि वेल्ड झाला की ६.४६. ते म्हणाले दिवाळीनंतर बघू. नव्या क्रेनची ऑर्डर मात्र गेलेली आहे.