कालचं पोर आणि पंचायतीची खुर्ची

माझा पासपोर्ट भारताचा, घर गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात, आणि मत मी देते स्कॉटलंडमधल्या पेझलीत. भारतासारख्या राष्ट्रकुल देशातून रीतसर येऊन इथे राहणाऱ्याला ब्रिटनमध्ये मतदान करता येतं, हे गावात सांगितलं की अजून कुणाला खरं वाटत नाही.

पेझली हे ग्लासगोला लागून असलेलं जुनं गिरण्यांचं शहर. 2015 साली इथून व्हारी ब्लॅक खासदार झाली, वयाच्या विसाव्या वर्षी. ग्लासगो विद्यापीठातलं तिचं शेवटचं वर्ष अजून संपायचं होतं. समोर होते डग्लस अलेक्झांडर, 1997 पासूनचे खासदार आणि माजी मंत्री. ते साडेपाच हजारांहून जास्त मतांनी पडले. उमेदवारीचं किमान वय 2006 च्या कायद्याने 21 वरून 18 वर आणलं नसतं, तर व्हारीला अर्जसुद्धा भरता आला नसता.

तिचं संसदेतलं पहिलं भाषण मी पुन्हा पुन्हा ऐकलंय. त्या वर्षीच्या अर्थसंकल्पात 18 ते 21 वयाच्या मुलांची घरभाड्याची मदत काढून घ्यायचं ठरलं होतं. ती म्हणाली, लंडनमध्ये राहायला खासदार म्हणून मला सरकार मदत देतं, म्हणजे या देशात अर्थमंत्री ज्याच्या घरासाठी हात पुढे करतात अशी वीस वर्षांची व्यक्ती मी एकटीच. हा मुद्दा त्या सभागृहात दुसरं कुणी तितक्या हक्काने मांडूच शकत नव्हतं. भाड्याची खोली शोधत फिरणं, पहिल्या नोकरीचा तुटपुंजा पगार, हाही अनुभवच असतो. आपण तो हिशेबात धरत नाही एवढंच.

मागच्या चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, घरी गेले तेव्हा हा विषय आमच्याच ओसरीवर निघाला. माझा भाचा बावीस वर्षांचा, डिचोलीत नोकरीला. पुढच्या पंचायत निवडणुकीत प्रभागातून उभा राहायचं म्हणतो. दादाने त्याला वाक्यही पुरं करू दिलं नाही. "कालचं पोर तू, तुला काय अनुभव?" ग्रामसभेतही त्याला हेच ऐकावं लागलं होतं. ओहोळावरच्या साकवाचं काम कुठे अडलंय असं त्याने विचारलं, तर उत्तर मिळालं, "आधी खाली बस." साकवाबद्दल मात्र कुणीच काही सांगितलं नाही.

आपल्याकडे पंच, म्हणजे पंचायतीचा सदस्य, व्हायला वयाची 21 वर्षं पुरी लागतात, आमदार किंवा लोकसभेचा खासदार व्हायला 25, राज्यसभेसाठी 30. 61 व्या घटनादुरुस्तीने मतदानाचं वय 21 वरून 18 केलं, उमेदवारीचं वय जिथल्या तिथे राहिलं. 2023 मध्ये संसदेच्या एका स्थायी समितीने ते 18 पर्यंत खाली आणावं अशी शिफारस केली. निवडणूक आयोगाला ते मान्य नव्हतं. अठराव्या वर्षी लागणारा अनुभव आणि परिपक्वता असेल अशी अपेक्षा धरणं वास्तवाला धरून नाही, असं आयोगाचं म्हणणं पडलं. म्हणजे दादा जे ओसरीवर बोलला, तेच दिल्लीतही बोललं गेलं.

मला दोघांनाही एकच गोष्ट विचारायची आहे. डिसेंबर 1963 मध्ये गोव्याची पहिली विधानसभा निवडणूक झाली तेव्हा अनुभव कुणाकडे होता? पोर्तुगीज अमलात आपल्या आजोबा-पणजोबांना मोकळेपणी मत द्यायलाही मिळालं नव्हतं. पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर पन्नाशी ओलांडलेले होते, पण सरकार चालवायची वेळ त्यांच्यावरही पहिल्यांदाच आली होती. त्या सरकारने गावोगाव प्राथमिक शाळा काढल्या. माझी आई अशाच एका शाळेत शिकली. भाऊसाहेबांनंतर 1973 मध्ये शशिकलाताई काकोडकर मुख्यमंत्री झाल्या तेव्हा त्यांचं वय होतं 38. दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणाऱ्या मुंडकारांना घरातून हुसकावून लावता येऊ नये म्हणून 1975 चा कायदा आणि कुळांना जमिनीची मालकी देणारी दुरुस्ती, दोन्ही त्यांच्याच काळातली. सत्तरीत आज कित्येक घरं त्या कायद्यांच्या आधाराने उभी आहेत.

शशिकलाताई आधी आमदार होत्या आणि भाऊसाहेबांची कन्या होत्या, हे खरंच आहे. पण मला सलतं ते इथेच. राजकारणातल्या घरचा मुलगा किंवा सून उभी राहिली की अनुभवाची चौकशी कुणी करत नाही. "घरातच राजकारण आहे, शिकेल" म्हणून आपण मोकळे होतो. शिकेल, हा विश्वास माझ्या भाच्याच्या वाट्याला का येऊ नये?

शिकायची सोय मात्र लागते. पेझलीत ती मी जवळून पाहिली. इथे नगरपरिषदेच्या एका प्रभागातून सहसा तीन-चार सदस्य निवडून येतात. त्यामुळे पंचविशीतली मुलगी निवडून आली तरी त्याच प्रभागात तिच्या बरोबरीने बहुधा कुणीतरी जुनं जाणतं माणूस असतं. निवडणुकीनंतर नव्या सदस्यांना प्रशिक्षण मिळतं. स्वतःचं किंवा नात्यातलं हित गुंतलेलं असेल तर ते आधी जाहीर करायचं, हा नियम तिथेच शिकवतात.

आमच्या इमारतीच्या मागच्या गटाराचं पाणी तळघरात येत होतं, म्हणून मी अशाच एका तरुण सदस्याला शनिवारी ग्रंथालयात भेटले. समोर वही, शेजारी थंड झालेला चहा. मी फोनमधले फोटो दाखवले. तो म्हणाला, "गटार नगरपरिषदेचं की पाणीपुरवठा कंपनीचं, हे मला माहीत नाही. बुधवारपर्यंत कळवतो." बुधवारी सकाळी उत्तर आलं: कुणाचं, कधी दुरुस्त होणार, आणि नाही झालं तर पुढे कुणाला लिहायचं. "माहीत नाही" हे तोंडावर सांगणारा लोकप्रतिनिधी मी त्याआधी पाहिला नव्हता, आणि मला त्याचा फार आदर वाटला.

सगळंच गोड आहे असं नाही. व्हारी ब्लॅकने 2024 मध्ये पुन्हा उभं राहायला नकार दिला. तिशी गाठायच्या आत ती संसदेतल्या विषारी वातावरणाला कंटाळली होती. त्याच निवडणुकीत डग्लस अलेक्झांडर दुसऱ्या मतदारसंघातून परत खासदार झाले. कोवळ्या वयात इतक्या उजेडात उभं राहण्याची किंमत मोठी असते, आणि दादाच्या रागामागे हीच काळजी आहे हे मला त्या रात्री उशिरा कळलं. जेवणं झाल्यावर तो हळूच म्हणाला, "हरला तर पैसे गेले. जिंकला तर वाड्यावरची दोन घरं जन्माची तुटली. आणि सरपंच बदलायचे ठराव सुरू झाले की हा कुणाच्या गाडीत बसणार?" यावर माझ्याकडे तयार उत्तर नव्हतं. पण या तिन्ही अडचणी पन्नाशीच्या उमेदवारालाही तितक्याच छळतात, आणि वयाची अट वाढवून त्यातली एकही सुटत नाही.

भाच्याने माघार घेतलेली नाही. सध्या तो पंचायतीचा अर्थसंकल्प वाचतो आणि रात्री फोन करून मला अडलेलं विचारतो. मला सगळं कुठून कळणार? म्हणून वाचकांपैकी जे पंच किंवा सरपंच होते, पंचायत सचिव म्हणून निवृत्त झाले, त्यांना माझी मनापासून विनंती आहे. आपल्या वाड्यावर असा एखादा मुलगा किंवा मुलगी असेल, तर एका रविवारी त्यांना समोर बसवा आणि बांधकाम परवान्याची एक फाईल पहिल्या पानापासून उलगडून दाखवा: एक-चौदाचा, म्हणजे जमिनीच्या नोंदीचा, उतारा कसा वाचायचा, जमिनीचा वापर बदलायची सनद कशाची, नगरनियोजन खात्याची मंजुरी कुठे पाहायची, आरोग्य केंद्राचा दाखला कशासाठी लागतो, आणि दबाव आला तर नाही कसं म्हणायचं. सत्तरीत कुणी तयार असेल तर मला जरूर कळवा, भाचा स्वतः येऊन भेटेल.