बरणी, पेला आणि ‘हवामान’ हा शब्द

पावसाची नोंद सकाळी साडेआठला. पर्जन्यमापकाची कड जमिनीपासून 30 सेंमीवर. झाड किंवा भिंत जितकी उंच, तिच्या निदान दुप्पट अंतरावर मापक. या शिस्तीत तयार झालेला हवामानशास्त्रज्ञ हवामान-शिक्षणाच्या संशोधनाकडे वळला की त्याची ही शिस्त वाया जात नाही. मुलाचं चुकलेलं उत्तर हीही नोंदच असते. ती न सुधारता, मुलाच्याच शब्दांत उतरवून घ्यायची.

मराठीत पहिली अडचण शब्दापासूनच. भूगोलाच्या पुस्तकात आजची स्थिती म्हणजे ‘हवा’ आणि दीर्घकाळची सरासरी म्हणजे ‘हवामान’. बातम्यांमध्ये मात्र ‘हवामान अंदाज’ उद्याचा असतो आणि ‘हवामान बदल’ कित्येक दशकांचा. त्यात आपण श्वास घेतो तीही हवाच! इंग्रजी प्रश्नावलीचं सरळ भाषांतर केलं, तर मूल संकल्पनेत चुकलं की शब्दाला अडखळलं हे कळत नाही. म्हणून शब्द टाळून प्रश्न घालावा: ‘26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिमी पाऊस पडला. एवढ्यावरून मुंबईचा पाऊस वाढतोय असं म्हणता येईल का? कारण लिहा.’ कारण मागितलंच पाहिजे. नुसत्या हो-नाहीत निम्मी उत्तरं अंदाजानेही बरोबर येतात. त्याच दिवशी कुलाब्याला जेमतेम 74 मिमी पडला होता, हा आकडा पुढच्या चर्चेसाठी राखून ठेवावा.

दुसरी गाठ साठ्याची, म्हणजे हवेत साठत जाणाऱ्या कार्बन डायऑक्साइडची, आणि ती मोठ्यांनाही सुटत नाही. स्टर्मन आणि बूथ स्वीनी या संशोधकांनी अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या 212 पदव्युत्तर विद्यार्थ्यांना कार्बन डायऑक्साइडचे आलेख काढायला लावले. उत्सर्जन वाढायचं थांबलं की हवेतला साठाही थांबेल, अशाच धर्तीची उत्तरं बहुतेकांनी दिली.

वर्गात हे पाण्याने दाखवता येतं. भोक पाडलेली बादली मात्र नको. पाणी वर चढलं की दाब वाढून भोकातून जास्त पाणी जातं, पातळी आपोआप स्थिरावते आणि मुलं नेमका उलटा धडा घेतात. 15 सेंमी व्यासाची पारदर्शक, सरळ बाजूंची बरणी घ्या, बाहेरून पट्टी चिकटवा, तळाशी दीड लिटर पाणी ठेवा. दर मिनिटाला 200 मिलीचे दोन पेले ओता, एक काढा. (ओतलेलं पाणी म्हणजे उत्सर्जन, काढलेलं म्हणजे शोषला गेलेला भाग. आपण सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडपैकी साधारण निम्मा हवेत उरतो, म्हणून हे प्रमाण.) पातळी मिनिटाला सुमारे 1.1 सेंमी चढते. रुंद बादलीत ही वाढ मागच्या बाकावरून दिसतच नाही. आठ मिनिटांनी थांबा आणि विचारा: आता दोनऐवजी दीडच पेला ओतला तर पातळीचं काय होईल? उत्तर आधी वहीत लिहून घ्या, मग ओता. ‘उतरेल’ लिहिलेल्यांच्या डोळ्यांसमोर पाणी चढतच राहतं, फक्त निम्म्या वेगाने.

चाचणी प्रयोगाआधी एकदा, लगेच नंतर एकदा, आणि सहा आठवड्यांनी पुन्हा. लगेचची चाचणी बहुधा आठवणच मोजते. मुलांनी लिहिलेल्या कारणांचं वर्गीकरण दोन संशोधकांनी एकमेकांचं न बघता करावं. जुळलं नाही तर बहुतेकदा कारणांच्या प्रकारांच्या व्याख्याच ढिल्या असतात. सहा आठवड्यांनंतरच्या प्रश्नात बरणी आणू नये, कारखान्यांचा धूर आणि जंगलं आणावीत. बरणीचं उत्तर बरोबर आणि धुराचं चूक, अशा मुलांची संख्या वेगळी नोंदवावी.