मैनेचं वजन: दिवाळी ते श्रावण

दिवाळीत माझ्या मैना घोडीच्या छातीचा घेर 157 सेंटिमीटर, खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंत लांबी 134. घेराचा वर्ग करायचा, त्याला लांबीनं गुणायचं आणि 11880 नं भागायचं. किलोतलं वजन मिळतं. मैनेचं आलं 278. उंची जेमतेम 132 सेंटिमीटर असलेल्या घोडीला हे फार झालं. आज घेर 150 आहे, म्हणजे 254 किलो. सूत्राचा आकडा वजनकाट्याइतका नेमका नसतो, पण एकाच माणसानं, सकाळी वैरणीच्या आधी, घोडी सपाट जागी चारही पायांवर सरळ उभी करून मोजलं, तर वजन चढतंय की उतरतंय ते लपत नाही. टेप आयाळ संपते तिथून जरा मागून आणि कोपरामागून घ्यायची, घोड्यानं श्वास सोडला की वाचायची. शिंप्याची टेप दीड मीटरला संपते, म्हणून सुरुवातीला न ताणणारी सुतळी गुंडाळून ती नंतर टेपवर मोजत होतो. या महिन्यात पहिल्यांदा सुतळी लागली नाही.

मैना भीमथडी वळणाची, कुमाईत (अंग तांबूस, आयाळ काळी), दातांवरून दहाच्या आसपासची. भीमा-नीरेच्या खोऱ्यातली ही जात. मराठ्यांच्या घोडदळात हीच तट्टं मिळेल त्या गवतावर मुलुख तुडवायची आणि आजही धनगरांच्या मेंढरांबरोबर बिऱ्हाड पाठीवर घेऊन चालतात. थोडक्यात भागवायची सवय या रक्तात मुरलेली आहे. अशा घोडीला दिवसभर खुंट्याला बांधून पुढ्यात चंदी, म्हणजे दाण्याचा खुराक, ठेवली, तर जादाचं सगळं चरबीतच जातं. आधी ती वरातीच्या कामाला होती. चातुर्मासात लग्नं नाहीत, म्हणून चार महिने उभी. खाणं मात्र लगीनसराईतलंच, सकाळ-संध्याकाळ मिळून दोन किलो हरभरा आणि जव, वर गूळ. आपल्याकडे वरातीची घोडी भरलेलीच लागते. पुठ्ठे गोल दिसले पाहिजेत, मान कमानदार दिसली पाहिजे. ती कमान पुष्कळदा चरबीची असते, हे लोकांना पटवणं वैरणीच्या हिशेबापेक्षा अवघड आहे.

डोळ्यांवर विसंबू नका, हात फिरवा. टेक्सासच्या डॉन हेनेके यांनी 1983 साली मांडलेली 1 ते 9 गुणांची पद्धत मी वापरतो. मान, खांद्यामागची जागा, वशिंडाची (मानेमागच्या उंचवट्याची) रेघ, बरगड्या, कंबर आणि शेपटीचं मूळ अशा सहा ठिकाणी हात लावून चरबी जोखायची. 5 म्हणजे बेताचं अंग: बरगडी दिसत नाही, पण बोटांना सहज लागते. मैना आली तेव्हा 8 वर होती. बरगड्या शोधायला बोटं रुतवावी लागायची, पाठीच्या मधोमध पन्हळ पडलेली, शेपटीच्या मुळाशी मऊ गाठोडी. सगळ्यात काळजी वाटली ती मानेची. आयाळीखालची चरबी उसाच्या कांडीसारखी कडक होती, दोन्ही हातांनी धरूनही हलेना. मानेवरची अशी कडक चरबी पुष्कळदा इन्सुलिन बिघडल्याची खूण असते, आणि इन्सुलिन चढलं की लॅमिनायटिसचा धोका असतो. खुराच्या आतलं हाड ज्या पापुद्र्यांनी भिंतीला धरलेलं असतं, ते पापुद्रेच सुजतात आणि सुटायला लागतात.

म्हणून वैरणीला हात लावायच्या आधी डॉक्टर आणि नालबंद दोघांना बोलावलं. रक्तात इन्सुलिन वाढलेलं निघालं. नालबंदानं पुढचे खूर उचलून त्यावरची वळी दाखवली; टाचेकडे त्यांच्यातलं अंतर रुंद होत गेलेलं, म्हणजे आतली कुरबूर आधीपासूनच चालू होती. लंगडत नव्हती, एवढंच. तेव्हापासून रोज सकाळी खुराच्या वर मागच्या बाजूला दोन बोटं ठेवून नाडी बघतो. निरोगी पायाला ती शोधावी लागते. ठणठण लागली आणि खूर गरम असला, तर त्या दिवशी चालवणं बंद आणि डॉक्टरांना फोन.

आता खाणं. पहिली गेली चंदी. अडीचशे किलोच्या, काम नसलेल्या घोड्याला दिवसाला साधारण 8 मेगाकॅलरी पुरतात. हरभरा-जवाच्या एका किलोतच 3 च्या वर जातात. म्हणजे मैनेची जवळजवळ सगळी गरज नुसत्या चंदीतून भागत होती आणि वैरण सगळी वरकड होती. चंदी एका झटक्यात न तोडता आठ-दहा दिवसांत उतरवत बंद केली. तोबरा, म्हणजे तोंडाला बांधायची खाण्याची पिशवी, मात्र ठेवला. संध्याकाळी तोबरा चढला नाही की ती दावणीला लाथा मारायची. आता त्यात मूठभर भिजवलेली गवताची कुट्टी, त्यावर खनिज मिश्रण, मीठ आणि शंभरेक ग्रॅम तेल काढलेली, भाजलेली सोयापेंड जाते. नुसत्या जून गवतात प्रथिनं कमी पडतात, मग चरबीबरोबर पाठीचं मांसही झडतं, सोयापेंड त्यासाठी.

गुरांचं खनिज मिश्रण किंवा कांडी (दाबलेलं पशुखाद्य) घोड्याला घालणारे आपल्यात बरेच आहेत, त्यांना हात जोडून सांगतो: पिशवीवरचं नीट वाचा. गुरांच्या आणि कोंबड्यांच्या काही खाद्यांत मोनेन्सिन नावाचं औषध असतं. ते गुरांना चालतं, घोड्याच्या हृदयाला थोडंसंही जीवघेणं ठरतं. युरिया-मळीच्या चाटण विटाही घोड्याच्या पुढ्यात नकोत.

दुसरं गेलं वाडं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे. कोल्हापुरात हेच सगळ्यात अवघड. गळीत हंगाम सुरू झाला की रस्त्यानं वाड्याच्या मोळ्या वाहत असतात, भाव पडलेला असतो आणि गाय-म्हैस ते आवडीनं खाते. घोड्याला त्यात दुहेरी अडचण आहे. शेंड्याच्या कांड्यांत साखर असते, ती या घोडीला नको. आणि पानांत ऑक्झॅलेट असतं, ते आतड्यातल्या कॅल्शियमला धरून ठेवतं. हत्तीगवताचंही तेच. त्यात गव्हाचा कोंडा घातला की फॉस्फरस चढतं, कॅल्शियम आणखी मागं पडतं, आणि शरीर ते हाडांतून ओढून घ्यायला लागतं. तोंडाची हाडं सुजलेली घोडी तुमच्यापैकी काहींनी पाहिली असतील. म्हणून वाडं बंद, कोंडा बंद, आणि रोज अर्धा किलो वाळवलेला लसूणघास. त्यात कॅल्शियम भरपूर असतं. मात्र किलो-दोन किलो लसूणघास घातला तर वजन उतरायचं नाव घेणार नाही.

मुख्य वैरण म्हणजे पन्हाळ्याकडच्या डोंगरातलं वाळलं गवत, फुलोरा येऊन गेल्यावर कापलेलं. दुभत्या म्हशीसाठी असलं जून गवत कोणी घेत नाही, स्वस्त मिळतं. मैनेला हेच हवं: काडी जास्त, साखर कमी, चावायला वेळ लागणारं. पिंजरावर भागवू नका. भाताच्या पिंजरात पोषण फारसं नसतं आणि नुसतं तेच खाऊन पाणी कमी पडलं तर आतडं तुंबून पोटशूळ उठतो.

किती द्यायचं? वजनाच्या दीड टक्का कोरडी वैरण. 278 किलोला 4.2 किलो कोरडा भाग, म्हणजे लसूणघास धरून वाळलेली वैरण साडेचार किलोच्या वर. पेंढ्या मोजून चालत नाही. एक पेंढी सातशे ग्रॅम भरते, शेजारची दीड किलो. गोठ्याच्या तुळईला ताणकाटा टांगलाय आणि वैरण त्यावर चढल्याशिवाय मैनेपुढं जात नाही. दीड टक्क्यावरही दोन आठवड्यांत हळूहळू आणली. त्याच्या खाली डॉक्टरांच्या सांगण्याशिवाय जाऊ नका, आणि उपाशी तर कधीच ठेवू नका. तट्टाच्या जातीत हा धोका मोठा असतो: खाणं एकदम तुटलं की अंगातली चरबी लोटानं रक्तात उतरते, यकृत भरून जातं, घोडी मलूल होऊन खाणंच सोडते आणि त्यातून वाचवणं कठीण. शिवाय घोड्याच्या पोटात आम्ल चोवीस तास सुटत असतं. तोंड तासन्‌तास रिकामं राहिलं की पोटात व्रण होतात. वजन उतरवायचं, पण जबडा चालता ठेवायचा, सगळी कसरत याचीच आहे.

त्यासाठी जाळी. नायलॉनच्या दोरीची पिशवी विणून घेतली, भोकं तीन-चार सेंटिमीटरची. उघडं गवत ती तासाभरात संपवायची, जाळीतलं तेवढंच गवत तीन तास पुरतं. पहिले काही दिवस चिडली, जाळीला हिसके द्यायची, दात लावून ओढायची. मग तिनं युक्ती काढली. वरच्या ओठानं काडीचं टोक भोकात आणायचं, दातांत धरायचं आणि मान बाजूला वळवून ती अख्खी बाहेर काढायची. आता हे इतक्या सराईतपणे करते की जाळीत जाळी घालावी लागली. दिवसाचं गवत पाच वाट्यांत जातं, सगळ्यात मोठा वाटा रात्री. मैनेला नाल नाहीत म्हणून जाळी छातीच्या उंचीला बांधतो. नाल असलेल्या घोड्याचा पाय अडकू शकतो, तिथं उंच बांधा.

गवत भिजवण्याचं अनेकांनी विचारलं होतं. साध्या पाण्यात अर्धा-पाऊण तास बुडवलं की साखरेचा काही भाग पाण्यात उतरतो. ते पाणी ओतून द्यायचं, घोडीला प्यायला मिळता कामा नये. आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये भिजलं गवत लगेच आंबूस होतं, म्हणून उन्हाळ्यात रात्रीचाच वाटा भिजवला आणि लगेच पुढ्यात टाकला. भिजवताना खनिजंही जातात, तोबऱ्यातल्या मिश्रणाला सुट्टी नाही.

थंडीत झूल घातली नाही. कोल्हापूरची थंडी या घोडीला काहीच नाही, आणि अंग ऊबदार ठेवायला जी चरबी जळेल ती जळू दे.

माणसांचं सांगायलाच हवं. शेजारच्या आक्का रोज गुळाचा खडा घेऊन यायच्या, गुऱ्हाळ सुरू झालं की वाटीत काकवी. "एवढुशा खड्यानं काय हुतंय रं?" आक्कांच्या हाती मी खरारा (अंग घासायचा ब्रश) दिला. मैनेला मानेखाली खाजवलेलं फार आवडतं, ओठ लांब करून डोळे मिटते. आता आक्का गुळाशिवाय येतात आणि मैना त्यांच्या पावलांच्या आवाजावर खिंकाळते. घोडीची देखभाल करणाऱ्या मोतद्दार मामांना पटायला वेळ लागला. फेब्रुवारीत म्हणाले, "मालक, वाळली की वो घोडी. पुठ्ठं गेलं तिचं. खायला घालत न्हाईसा म्हणत्यात लोक." त्यांचा हात धरून शेपटीच्या मुळावर ठेवला, मग मानेवर, मग बरगडीवर. बरगडीवर त्यांची बोटं थांबली. "अजून लोणी हाय आत," म्हणाले. त्या दिवसापासून ताणकाटा मामांकडे आहे आणि ते माझ्यापेक्षा कडक आहेत.

व्यायाम थोडक्यात. पाय तपासून झाल्यावर आधी हातात दोर धरून कदमावर पंधरा-वीस मिनिटं, बावड्याहून पंचगंगेकडं जाणाऱ्या पाणंदीनं. पुढं वेळ वाढवत पाऊण तास, मधे दुडकी, म्हणजे हलकी धाव. डांबरावर दुडकी नाही. उन्हाळ्यात उजाडायच्या आत. जाड घोड्याच्या अंगातली उष्णता लवकर बाहेर पडत नाही, परतल्यावर श्वास आणि घाम नीट बघा.

वजन सरळ उतरलं नाही. पहिल्या महिन्यात भरभर गेलं, त्यात पोटातला भारच बराच असतो. मार्चमध्ये घेर 154 झाला, 267 किलो, आणि तिथंच अडकला. दीड टक्क्याच्या खाली न जाता चालणं वाढवलं, त्यावेळच्या वजनाचा दीड टक्का पुन्हा काढला, मे मध्ये परत उतरायला लागलं. बरगड्या आधी मोकळ्या झाल्या, मग पाठीची पन्हळ भरून निघाली. मान सगळ्यात शेवटी. आता तिथली चरबी मऊ झालीय, हातानं इकडून तिकडं हलते. हेनेकेच्या मापात आज 6.

जूनमध्ये पाऊस पडून माळ हिरवा झाला तेव्हा खरी परीक्षा होती. मळणीच्या बैलांना घालतात तसलं मुसकं घेतलं, तळाला एक भोक पाडलं. त्यातून पाणी पिता येतं, गवताची शेंडीही मिळते, पण घास भरता येत नाही. सोडतो पहाटे, नऊच्या आत परत. दिवसभर ऊन खाऊन गवतात साखर साठते आणि रात्रीत ती उतरते, म्हणून संध्याकाळचं चरणं बंद. ढगाळ दिवसांत जोखीम कमी, झडीनंतर लख्ख ऊन पडलं की जास्त.

पुढचं लक्ष्य 245 किलो आणि गुण 5. दसऱ्याच्या सुमाराला इन्सुलिन पुन्हा तपासायचंय. ते खाली आलं नसेल तर वैरणीतली साखर प्रयोगशाळेत तपासून घेणार. या घोड्यांना ती स्टार्चसकट दहा-बारा टक्क्यांच्या आत हवी. यंदा डोंगरी गवत कापणीलाच एकत्र उचलायचा विचार आहे. करवीर-पन्हाळा भागात कोणाला जून गवताचा भारा लागणार असेल तर सांगा, एकाच गाडीत आणू.