पिकल्या पानातला डीएनए जातो कुठे?

डॅपी लावलेले परागकण अतिनील प्रकाशात बघायला मला आजही तितकंच आवडतं. हा रंग डीएनएला चिकटला की निळा चमकतो. अ‍ॅराबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातल्या, प्रयोगशाळेत वापरल्या जाणाऱ्या छोट्या झाडाच्या तयार परागकणात दोन शुक्रपेशींची केंद्रकं लख्ख दिसतात, शेजारी कायिक पेशीचं पसरट, फिकट केंद्रक. बाकी सगळा अंधार. डीपीडी१ हे जनुक बिघडलेल्या झाडाचा पराग घेतला, तर त्याच अंधारात निळी बारीक कणी विखुरलेली दिसते. हा केंद्रकाबाहेरचा डीएनए: लवकांमधला (हरितलवक हा त्यांचाच एक प्रकार) आणि पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या तंतुकणिकांमधला. एरवी तो पराग पिकेपर्यंत साफ झालेला असतो.

जपानच्या ओकायामा विद्यापीठातल्या गटाने असेच परागकण शोधत शोधत २०११ साली हे जनुक पकडलं. त्यातून तयार होणारं एन्झाइम डीएनए टोकाकडून कुरतडत जातं, त्यासाठी त्याला मॅग्नेशियम लागतं, आणि ते लवक व तंतुकणिका दोन्हीकडे पोचतं.

लवकं फक्त आईकडून का येतात याचं उत्तर इथेच असेल, असं वाटणं साहजिक होतं. पण जनुक बिघडूनही अ‍ॅराबिडॉप्सिसमध्ये वारसा आईचाच राहिला. तंबाखूत मात्र २०२३ साली वेगळं दिसलं: हे जनुक नसेल आणि पराग घडताना थंडीही लागली, तर बापाची लवकं पुढच्या पिढीत एरवीपेक्षा कितीतरी जास्त उतरतात.

मग पानांमध्ये या एन्झाइमचं काय काम? मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो हाच भाग. अ‍ॅराबिडॉप्सिसच्या हरितलवकाचा जीनोम, म्हणजे त्यातला संपूर्ण डीएनए, साधारण १,५४,००० बेस-जोड्यांचा. प्रत्येक जोडीमागे फॉस्फरसचे दोन अणू, म्हणजे एका प्रतीत तीन लाखांहून जास्त. पानाच्या एकेका पेशीत अशा हजारभर प्रती धरल्या तरी आकडा तीस कोटींवर जातो. आणि फॉस्फरस तर झाडाला मातीतून मोठ्या मुश्किलीने मिळतो! पान पिकायला लागलं की डीपीडी१ वाढतं, हा डीएनए मोडला जातो आणि सुटलेला फॉस्फरस कोवळ्या पानांकडे वळतो. हे २०१८ साली पुढे आलं. एन्झाइम नसलेली झाडं भरपूर खतावर ठीक वाढतात. फॉस्फेट कमी पडलं की मात्र मागे पडतात, कारण जुन्या पानातला साठा त्यांना नीट मोकळा करता येत नाही.

डीएनएची प्रत कशी निघते यावर पाठ्यपुस्तकांत प्रकरणंच्या प्रकरणं असतात. तो मोडतो कसा, याला दोन ओळी मिळाल्या तरी खूप. माझ्या विद्यार्थ्यांना मी हल्ली पिकलं पान आधी शिकवते.