रिकामा पळायचा, भरला की मरायचा

गळीत हंगाम ऐन भरात होता. निपाणीजवळच्या एका चढावर उसाच्या दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर बंद पडला होता. चालवणाऱ्या पोराच्या अंगठ्याला डिझेल चढवायचा हँडपंप मारून मारून फोड आलेले. "मेस्त्री, रिकामा वाऱ्यागत पळतोय, ऊस भरला की मरतोय," तो म्हणाला.

मी डिझेलच्या पाइपांत अडकलेली एअर काढली, पाइपांच्या जोडांवरच्या बँजो बोल्टचे वॉशर बदलले. इंजिन सुरू झालं आणि मी परतलो. तासाभरात पुन्हा फोन.

या खेपेला हँडपंप मीच मारून बघितला. दांडी वर ओढताना जड, सोडली की आत खेचली जायची. टाकीतून डिझेल ओढणाऱ्या फीड पंपाला मागून डिझेलच येत नव्हतं. टाकीपासून पाइप चाचपत गेलो, तर मधे चिखलानं माखलेला, पेट्रोल गाडीचा प्लॅस्टिकचा छोटा कागदी फिल्टर. आत अर्धं डिझेल, अर्धे बुडबुडे.

"बॅरलमधलं डिझेल घाण असतंय, पंपात साफ जावं म्हणून मीच बसवून घेतला," मालक अप्पा म्हणाले. त्यांची काळजी खरीच होती. पण फीड पंपाला ओढायला फार तर हवेच्या दाबाएवढं बळ, म्हणजे चौरस सेंटिमीटरला जेमतेम 1 किलो. बारीक कागदातून ढकलणं त्याला जमतं, ओढणं जड जातं. म्हणून पंपाआधी फक्त जाळी, आणि कागदी फिल्टर पंपानंतर, इंजिनाला जोराच्या दाबानं डिझेल पुरवणाऱ्या इंजेक्शन पंपाच्या अलीकडे. रिकाम्या ट्रॅक्टरला डिझेल थोडं लागतं, त्यात भागायचं. पेट्रोल गाडीतही टाकीतल्या पंपाला खाली जाळीच असते. शिवाय ओढीच्या बाजूची क्लिप ढिली असेल तर डिझेल गळत नाही, हवा आत शिरते. जमिनीवर थेंब नसतो, म्हणून ती चूक लवकर सापडत नाही.

तरी खात्री हवी होती. मडगार्डला स्वच्छ डिझेलचा कॅन बांधला, नळी थेट फीड पंपाला जोडली. भरल्या ट्रॉल्यांसकट ट्रॅक्टर न थांबता चढ चढला.

मग कागदी फिल्टर काढून अखंड पाइप टाकला, टाकी धुतली, फीड पंपाची जाळी साफ केली, पुढचे दोन्ही फिल्टर नवे घातले. बॅरलमधलं डिझेल दिवसभर निवळू द्या, तळचं घेऊ नका, असं अप्पांना सांगितलं. तोवर ऊस उन्हात वाळत होता आणि वजन घटत होतं. पहिल्याच खेपेला मी टाकीपर्यंत गेलो असतो तर तो सकाळीच काट्यावर पोचला असता. त्या खेपेचे पैसे मी घेतले नाहीत.