पाइप उरणला, रॉयल्टी दिल्लीला

अमेरिकेत समुद्रातल्या तेलावरून जुंपली आहे आणि आमच्या घरात ती बातमी जरा जास्तच चवीने चघळली जाते. नवरा बॉम्बे हायवर, म्हणजे मुंबईसमोरच्या समुद्रातल्या तेलक्षेत्रावर, कंत्राटी क्रेन ऑपरेटर, चौदा दिवस तिकडे, चौदा दिवस नेरूळला. धाकटा भाऊ उरणजवळच्या करंजाहून मासेमारीची बोट काढतो. दोघं एकत्र जेवायला बसले की ट्रम्पचं नाव निघतंच.

प्रकरण थोडक्यात असं. जानेवारी २०२५ मध्ये जाता जाता बायडन यांनी साडेबासष्ट कोटी एकर समुद्र नव्या तेललीजसाठी, म्हणजे तेल काढायला भाड्याने द्यायला, बंद केला. ट्रम्प यांनी शपथ घेतली त्याच दिवशी तो निर्णय फिरवला आणि नोव्हेंबरात नवा आराखडा आणला. लीजचे ३४ लिलाव, त्यातले २१ अलास्काकडे, ७ मेक्सिकोच्या आखातात, ६ कॅलिफोर्नियासमोर. कॅलिफोर्नियाच्या केंद्रीय हद्दीत १९८४ नंतर नवं लीज निघालेलंच नाही. सरकारी जमिनींचंही तेच. तिथल्या तेलावरची रॉयल्टी, म्हणजे सरकारला मिळणारा वाटा, बायडन यांच्या काळात १२.५ वरून १६.६७ टक्के झाली होती, २०२५ च्या कायद्याने ती परत खाली आणली.

जास्त विहिरी म्हणजे स्वस्त पेट्रोल, हा समर्थकांचा मुद्दा मला काही पटत नाही. २०२४ मध्ये, म्हणजे बायडन असतानाच, अमेरिकेने दिवसाला १ कोटी ३० लाख पिंपांहून जास्त तेल काढलं. एवढं आजवर कुठल्याच देशाने काढलं नव्हतं. आणि खोल समुद्रातलं लीज आज दिलं तरी तेल हाती यायला वर्षं जातात. (आपलं बॉम्बे हाय १९७४ ला सापडलं आणि ७६ ला तेल सुरूही झालं, पण ते पाणी उथळ.)

खरी गंमत आहे ती राज्यांच्या भांडणात. लुइझियानाला ड्रिलिंग हवं, फ्लोरिडाला नको, आणि दोन्हीकडे गव्हर्नर ट्रम्प यांच्याच पक्षाचे! २००६ च्या कायद्याने आखातातल्या ठरावीक लीजच्या उत्पन्नातला ३७.५ टक्के वाटा लुइझियाना, टेक्सास, मिसिसिपी आणि अलाबामाला मिळतो. फ्लोरिडा त्या यादीत नाही, तिचं पोट किनाऱ्यावरच्या पर्यटकांवर. २०१० मध्ये आखातात डीपवॉटर होरायझन या तेलरिगचा स्फोट झाला, ११ माणसं गेली, ८७ दिवस विहीर वाहत होती आणि डांबराचे गोळे फ्लोरिडाच्या वाळूवरही येऊन पडले. वाटा नाही, घाण मात्र आहे. मग कोण हो म्हणेल?

आपल्याकडे तर हो-नाही म्हणायचा प्रश्नच येत नाही. राज्यघटनेच्या कलम २९७ प्रमाणे समुद्राखालचं सगळं केंद्राचं. जमिनीवरच्या तेलाची रॉयल्टी आसामला, गुजरातला मिळते. बॉम्बे हायची महाराष्ट्राला मिळत नाही. पाइप मात्र उरणला येतो.

भावाच्या जीपीएसवर प्लॅटफॉर्मभोवती पाचशे मीटरची वर्तुळं आहेत, आत शिरायचं नाही. आणि मासळी नेमकी तिथेच. लोखंडी पायांना शिंपले धरतात, रात्री उजेड असतो, मासा जमतो. "समोर म्हावरा दिसतंय आनि आमी वळसा घालून जायचा," हे त्याचं ठरलेलं वाक्य.

ऑगस्ट २०१० मध्ये उरणच्या जेएनपीटी बंदराजवळ दोन जहाजं धडकली, 'एमएससी चित्रा' कलंडलं आणि तेल उरणपासून वाशीपर्यंत खारफुटीत शिरलं. तो ड्रिलिंगचा प्रकार नव्हता, कबूल. पण नारळी पौर्णिमेच्या तोंडावर, हंगाम सुरू होतानाच बाजार बसला. गिऱ्हाईक यायचं, आईच्या पाटीतला मासा उचलून कल्ला नाकाला लावायचं आणि ठेवून द्यायचं. ती बिचारी ओरडून सांगायची, बाहेरच्या पाण्यातला आहे. खाडीच्या चिखलातल्या निवट्यांकडे तर कुणी बघेना.

नवऱ्याचं म्हणणं, झळ काय तुम्हालाच लागते? २७ जुलै २००५ ला बॉम्बे हाय नॉर्थ प्लॅटफॉर्म जळाला, २२ जण गेले. २०२१ ला तौक्ते वादळात तेलक्षेत्रावरच्या कामगारांची पी-३०५ बार्ज बुडाली, सत्तरहून अधिक गेले, बरेचसे कंत्राटी. तरीही त्याला नव्या विहिरी हव्यात. देश ८५ टक्क्यांहून जास्त कच्चं तेल बाहेरून आणतो हे तो सांगतो, कंत्राट वाढेल हे सांगत नाही. मीही बोलत नाही, फ्लॅटचा हप्ता त्यातूनच जातो.

१५ ऑगस्ट २०२५ ला पंतप्रधानांनी लाल किल्ल्यावरून खोल समुद्रातल्या तेलशोधाची मोहीम जाहीर केली. त्यावर आमच्या भागातल्या एकाही प्रचारसभेत मी शब्द ऐकला नाही. अमेरिकेत निदान आराखड्यावर साठ दिवस कुणीही हरकत घेऊ शकत होतं. ती कुणी ऐकतं का, हा भाग वेगळा.

मी भावाला म्हटलं, आपल्या गावांनाही रॉयल्टीत वाटा मागायला हवा. तो हसला. "वाटा मधल्यामधीच जिरंल, ताई. त्यापेक्षा तेल शोधायचं सर्व्हेचं जहाज कवा येनार ते आठ दिस आगोदर बंदरावर लिवून लावा म्हनावं. पान्यात रोवलेली डोलीची जाळी काढायला तेवढा टाइम लागतो."