रिस्पा बसली होती ती टेकडी

इस्रायलहून आल्यापासून जो तो विचारतो, मृत समुद्रात तरंगलीस का? तरंगले. मसादाला केबल कारने वर गेले, गालीलच्या सरोवरात बोटीत बसले, बेथलेहेमला दीड तास रांगेत उभी राहिले. आठ दिवसांची सहल व्यवस्थित पार पडली. पण ज्या एका जागेसाठी मी मुळात पैसे साठवले होते, ती त्या आठ दिवसांत नव्हतीच.

जेरुसलेमच्या किद्रोन खोऱ्यात आम्हाला अबशालोमचं स्मारक दाखवलं. खडकातून कोरून काढलेलं, वर उलटं नरसाळं ठेवावं तसं छत. अबशालोम म्हणजे बायबलमधल्या दावीद राजाचा मुलगा. बापावर उलटला, पळताना झाडात डोकं अडकून लोंबकळत राहिला आणि तिथेच मारला गेला. हे स्मारक त्याच्यानंतर जवळजवळ हजार वर्षांनी, इसवी सनाच्या पहिल्या शतकात कोरलेलं. तरी नाव त्याचंच चिकटलं. शतकानुशतकं लोक येता-जाता त्यावर दगड मारत, मुलांना आणून दाखवत की बापाशी वाकडं वागलं की काय होतं बघा. बंडखोर मुलाला सुद्धा शिव्या खायला का होईना, एक जागा मिळाली.

मी गाइडला विचारलं, दावीदाच्या आधीचा राजा शौल, त्याच्या वंशातल्या सात पोरांना टांगलं ती टेकडी कुठे आहे? तो थोडा थांबून म्हणाला, "तिथे बघण्यासारखं काही नाही. आपली बसही तिकडे जात नाही." दुपारी त्याच बसने आम्हाला भेटवस्तूंच्या एका दुकानात नेऊन पाऊण तास थांबवलं. मला फार राग आला होता. अजूनही तो पुरता गेलेला नाही.

रिस्पा म्हणजे त्या सातांतल्या दोघांची आई. तिचं नाव मी पहिल्यांदा ऐकलं 1991 साली, एका सरकारी इस्पितळाच्या शवागाराबाहेर. माझा भाऊ लोकलमधून पडला होता. बावीस वर्षांचा होता. पंचनाम्याचा कागद आला नव्हता, त्यामुळे रात्रभर ताबा मिळणार नाही असं सांगण्यात आलं. घरी जा, सकाळी या. आई जाईना. दाराबाहेर वर्तमानपत्र पसरून भिंतीला टेकून बसली. आमच्या शेजारच्या मावशी तिच्या बाजूला येऊन बसल्या. मावशी बेने इस्रायल, म्हणजे आपल्या कोकणातले मराठी ज्यू. ठाण्यात टेंभी नाक्याजवळच्या 1879 सालच्या प्रार्थनास्थळाला त्या सिनेगॉग कधी म्हणाल्या नाहीत. त्यांच्या घरात सगळे 'मशीद'च म्हणत. त्या रात्री त्या आईला एवढंच म्हणाल्या, "आमच्यात मयताला एकटं ठेवत नाहीत. तू बस. मी पण बसते." आणि मग पहाटेकडे त्यांनी रिस्पाची गोष्ट सांगितली. अशा रात्री कुणी गोष्ट सांगतं का, असं तेव्हा मला वाटलं होतं. पण आईने ती शब्दन् शब्द ऐकली. पुढे ती जाईपर्यंत, जवळजवळ वीस वर्षं, भावाच्या तिथीला पान वाढून झालं की ती एकदा तरी म्हणायची, "त्या रिस्पाने कसं काढलं असेल गं."

मावशी 1994 मध्ये मुलांकडे इस्रायलला गेल्या. आता लोदला राहतात. सहलीचा ग्रुप विमानतळाकडे गेला आणि मी माझं तिकीट चार दिवस पुढे ढकलून मावशींच्या घरी गेले.

शुक्रवारची संध्याकाळ होती. शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा शनिवारचा विश्रांतीचा दिवस, शुक्रवारी संध्याकाळीच लागतो. तो लागला की बस, ट्रेन सगळं बंद, त्यामुळे रविवारपर्यंत हलता येणार नव्हतं. मावशींनी दिवे लावले, मनुका भिजवून केलेलं सरबत चांदीच्या पेल्यात ओतलं, नातवाने प्रार्थना म्हटली. जेवायला नारळाच्या रसातली मासळी आणि भात. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या मावशींची मराठी तीच, ठाण्याची, फक्त मधूनमधून एखादा हिब्रू शब्द घुसतो. जेवण झाल्यावर त्यांनी जाड पुस्तक काढलं, चश्मा पुसला आणि उजवीकडून डावीकडे बोट फिरवत मला वाचून दाखवायला लागल्या. एक ओळ हिब्रूत, लगेच मराठीत.

बायबलमधल्या शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकाचा एकविसावा अध्याय. दावीदाच्या राज्यात ओळीने तीन वर्षं दुष्काळ पडला. कौल लागला की आधीचा राजा शौल याने गिबोनी लोकांची कत्तल केली, त्याचं हे पाप. गिबोनी म्हणाले, आम्हाला सोनं-चांदी नको, शौलाच्या वंशातले सात जण द्या. राजाने दिले. शौलाची उपपत्नी रिस्पा, तिचे दोन मुलगे, अर्मोनी आणि मफीबोशेथ. आणि शौलाच्या मुलीचे पाच. सातही एकाच दिवशी, देवासमोर, डोंगरावर टांगले. बार्लीची कापणी नुकतीच सुरू झाली होती. शौलाने केलेलं पाप, शौल तर केव्हाच लढाईत मेलेला. या सातांनी काय केलं होतं, ते कुठेच लिहिलेलं नाही. कारण त्यांनी काही केलंच नव्हतं.

"पाचांची नावं?" मी विचारलं.

मावशींनी बोट मागे नेलं, पुन्हा पुढे आणलं. "नाहीत गं."

नावं नाहीतच, आणि त्यांच्या आईचाही घोळ आहे. बहुतेक हिब्रू प्रतींत आई म्हणून मीखलचं नाव आहे, काहींत मेरबचं. दोघी शौलाच्या मुली. पण मीखलला मरेपर्यंत मूल झालं नाही, असं याच पुस्तकात आधी सांगितलंय. तालमूद या ज्यूंच्या जुन्या धर्मग्रंथात रब्बींनी, म्हणजे त्यांच्या धर्मगुरूंनी, याचा उलगडा असा केला की, जन्म दिला मेरबने आणि वाढवलं मीखलने. मी म्हटलं, म्हणजे देवकी आणि यशोदा. मावशी हसल्या नाहीत. म्हणाल्या, "मग दोघी गेल्या असतील रडून."

आणि मग ती ओळ आली. रिस्पाने गोणताट घेतलं, खडकावर अंथरलं, आणि कापणीच्या सुरुवातीपासून आकाशातून त्यांच्यावर पाणी पडेपर्यंत तिने दिवसा पाखरांना आणि रात्री रानातल्या जनावरांना त्यांच्या अंगाला शिवू दिलं नाही. बस, एवढंच. ती काय बोलली ते नाही. सबंध ग्रंथात तिच्या तोंडी एक शब्द नाही. पाऊस अवेळी आला असेल तर काही आठवडे, वेळेवर आला असेल तर पाच-सहा महिने. तिकडे उन्हाळाभर थेंब पडत नाही. टांगलेला देह रात्रभर झाडावर ठेवू नये, त्याच दिवशी मातीत पुरावा, असा त्यांच्या धर्मशास्त्रात स्पष्ट नियम आहे. तो नियम राजा विसरला, पुरोहित विसरले. एका बाईने हाताने पाखरं हाकून तो सांभाळला, जेवढा सांभाळता येत होता तेवढा.

रविवारी आम्ही निघालो. मी एकटी जाते म्हटलं तर मावशी ऐकेनात. लोदहून जेरुसलेमची बस, मग लाईट रेल. गाडी याफो रस्त्यावरून जुन्या शहराच्या कडेने उत्तरेला वळते, शुआफात लागतं, मग बेत हनीना. मे महिन्याचा पहिला आठवडा, ऊन आपल्यासारखं घामाचं नाही, कोरडं, कवटीवर बसणारं. टेकडीकडे जाणाऱ्या चढावर मावशींचे गुडघे दोनदा अडले. दुसऱ्यांदा थांबलो ते एका किराणा दुकानापुढे. दुकानदार अरब, पन्नाशीचा. त्याने काही न विचारता आतून प्लास्टिकची खुर्ची आणून सावलीत ठेवली, थंड पाण्याची बाटली दिली आणि पैसे घेईना. मावशींनी हिब्रूत आभार मानले, त्याने अरबीत उत्तर दिलं, छातीवर हात ठेवून. या शहरात कोण कुणाशी कसं बोलतं याबद्दल मी घाबरवणारं बरंच ऐकून गेले होते. मला स्वतःला आलेला अनुभव ही खुर्ची आहे, तो मी जसाच्या तसा लिहितेय.

टेकडीचं नाव तेल एल-फूल. फूल म्हणजे अरबीत आपले पावट्यासारखे मोठे दाणे. शौलाचं राजधानीचं गाव गिबा ते हेच, असं अमेरिकन पुरातत्त्वज्ञ विल्यम अल्ब्राइट यांनी 1922-23 मध्ये इथे खोदून मांडलं. 1933 मध्ये ते परत आले. सगळ्या अभ्यासकांना ते पटलेलं नाही. शिवाय टांगलं ती जागा हिब्रू पाठात शौलाचं गिबा आहे, तर जुन्या ग्रीक भाषांतरात गिबोन, जे इथून काही किलोमीटरवर, आजच्या अल-जीबला आहे. पण मी जेवढं वाचलं त्यात माझं मन गिबाकडेच झुकलं. त्यांना त्यांच्याच आज्याच्या, बापाच्या दारात टांगलं.

वर गेल्यावर दिसतो तो एक सांगाडा. जॉर्डनचे राजे हुसेन इथे उन्हाळी महाल बांधत होते. जून 1967 चं युद्ध सुरू झालं आणि काम जिथल्या तिथे थांबलं. काँक्रीटचे खांब, स्लॅब, टोकांना गंजलेल्या सळया वाकून बाहेर आलेल्या. भिंतींवर रंगाचे फवारे, खाली फुटक्या बाटल्या, करड्या दगडांतून वाळलेले काटे. एका राजाचा पडलेला गड आणि त्यावर दुसऱ्या राजाचं न झालेलं घर. पूर्वेला जमीन एकदम उतरत जाते, वाळवंटाच्या पिवळ्या घड्या, पलीकडे जॉर्डनच्या डोंगरांची पुसट रेघ. पाटी नाही, नाव नाही. गाइड म्हणाला ते एका अर्थी खरं होतं.

मावशी एका स्लॅबच्या सावलीत बसल्या. मी उभी होते. तेवढ्यात एक कावळा येऊन वाकलेल्या सळईवर बसला. तिकडचे कावळे राखाडी अंगाचे, डोकं आणि पंख काळे, आपल्यापेक्षा थोराड. मान वाकडी करून तो खाली बघत होता. कशाकडे कुणास ठाऊक. कुणाच्या तरी डब्यातलं काही पडलं असेल.

आपण कावळ्याला बोलावतो. भावाच्या दहाव्याला बाबा आणि काका घाटावर पिंड ठेवून बसले होते, कावळा शिवेना. दीड तास. मी लांब उभी राहून ऐकत होते, काका काय काय कबूल करत होते: तुझ्या आईला सांभाळू, बहिणीचं लग्न करू, तुझी पुस्तकं टाकणार नाही. शेवटी शिवला तेव्हा बाबा मातीतच बसले. कावळा शिवला म्हणजे सुटला, असं आपण मानतो, आणि त्या दिवशी मीही मानलं, मला त्याची गरज होती. आणि इथे एक आई महिनोन् महिने उठून उठून त्याच पाखराला हाकत होती, की माझ्या पोराला शिवू नकोस.

मी हात उंचावून ओरडले, "हाऽऽ! हुश्श!" कावळा हलला नाही. मी खडा उचलून मारला. सळईवर टण्ण वाजलं, कावळा उडाला, मोठी चक्कर मारून परत तिथेच येऊन बसला. मी परत मारला. असं चार-पाच वेळा झालं. माझा खांदा भरून आला, घसा कोरडा पडला. पाच मिनिटं सुद्धा झाली नसतील. मावशींनी मला अडवलं नाही.

रिस्पाचं कळल्यावर दावीदाला जाग आली. तो स्वतः याबेश-गिलादला गेला. शौल आणि त्याचा मुलगा योनाथान यांच्या प्रेतांची शत्रूने बेथ-शानच्या भिंतीवर विटंबना केली होती, ती याबेशच्या लोकांनी रातोरात काढून आणली होती. त्यांच्या अस्थी दावीदाने आणल्या, या सातांच्या अस्थी गोळा करवल्या, आणि बन्यामीनाच्या मुलखात सेला इथे शौलाच्या बापाच्या कबरीत मूठमाती दिली. त्यानंतर देवाने देशाची विनवणी ऐकली, असं लिहिलंय. ग्रंथातला क्रम बघा: सातांना मारून झाल्यावर लगेच देव ऐकत नाही. त्यांना माती मिळाल्यावर ऐकतो. मावशी हे बोट ठेवून दोनदा वाचायला लावतात.

निघताना मावशींनी सात खडे वेचले. त्यांच्यात कबरीवर फुलं ठेवत नाहीत, दगड ठेवतात. महालाच्या कडेच्या स्लॅबवर पहिला ठेवला, "अर्मोनी." दुसरा, "मफीबोशेथ." मग पाच एकेक करून, मध्ये तेवढंच थांबून, काही न बोलता. मग पिशवी चाचपून आठवा खडा काढला, तो वाटेतच कधीतरी उचलला असावा, आणि माझ्या भावाचं नाव घेतलं. घरातलं, लाडाचं नाव. ते हाक मारणारं आता माझ्याशिवाय कुणी उरलंय हे मला माहीत नव्हतं.

खाली उतरताना दुकान बंद होतं. खुर्ची बाहेरच होती.

ठाण्यात परत आल्यावर महिन्याभरात पाऊस सुरू झाला, नेहमीसारखा, गटारं तुंबवत. गणपती गेले, दसरा गेला. ऑक्टोबरच्या 17 तारखेला संध्याकाळी मावशींचा फोन आला. हॅलो न म्हणताच त्यांनी फोन खिडकीबाहेर धरला होता. मला आधी वाटलं काहीतरी तळतायत.

"आला गं पाऊस," त्या म्हणाल्या. "पहिला."

मी भिंतीवरच्या कालनिर्णयची पानं उलटी चाळत मे महिन्याच्या 5 तारखेपर्यंत गेले आणि बोटाने मोजलं. एकशे पासष्ट दिवस.